इंग्रज गेले, पण खानखोजेंचं नाव काळ्या यादीतच राहिलं

1947 मध्ये इंग्रज गेले. त्यांनी केलेली क्रांतिकारकांची काळी यादी मात्र सरकारी दप्तरात तशीच राहिली. त्यात एक नाव होतं वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते परदेशी गेले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकता शिकता गदर चळवळीत उतरले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांशी लढायला थेट इराणपर्यंत पोहोचले. मग काय, घरचा रस्ताच बंद!

पुढे त्यांनी मेक्सिको गाठलं. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तर एका भित्तिचित्रात त्यांना पाव मोडून देताना दाखवलंय. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे?

स्वातंत्र्यानंतर शेतीबाबत सल्ला द्यायला त्यांना मायदेशी बोलावणं आलं. त्यांनी व्हिसासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला! कारण तीच जुनी यादी. ज्यांच्याविरुद्ध ते लढले, त्यांचाच शेरा आता आपलं सरकार पाळत होतं. अखेर निर्णय फिरला. 1950 च्या दशकात खानखोजे नागपूरला कायमचे परतले. 1967 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.