धोतराची गाठ आणि डॉ. खानोलकर

वसंत रामजी खानोलकर हे नाव मराठीच्या वर्गात कधी येत नाही. डॉक्टरकीच्या वर्गात येतं, आणि तिथे त्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. १८९५ साली गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले खानोलकर लंडनला शिकले, परत येऊन मुंबईत मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या.

पॅथॉलॉजिस्टला पेशंट सहसा दिसतच नाही. त्याच्या टेबलावर येतो तो कापून काढलेला तुकडा. कातडीचा कॅन्सर सर्जन काढतो खरा, पण सगळा निघाला का, हे त्या तुकड्याची कड सांगते. कडेला शाई लावायची, पातळ काप करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कॅन्सरच्या पेशी शाईपर्यंत पोचल्या असतील, तर आजार अंगात उरला असण्याची भीती. यात एक गोची आहे. पावासारखे उभे काप केले, तर दोन कापांमधली कड कुणी बघतच नाही. अमेरिकेत फ्रेडरिक मोह्स यांनी यावर तोड काढली: थराची खालची बाजू आणि सगळी कड तपासायची, जिथे पेशी दिसतील तिथेच पुन्हा कापायचं. त्यांनी हे प्रसिद्ध केलं तेही १९४१ सालीच.

खानोलकरांनी मात्र तुकड्यावरून उलट मागे जात माणसाच्या सवयी शोधल्या, आणि मला त्यांचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं. १९४५ च्या एका निबंधात त्यांनी सहलेखकासह धोतराचा कॅन्सर मांडला. कमरेला रोज त्याच जागी धोतर आवळून कातडी घासते, रंग बदलतो, व्रण पडतो, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच रेषेवर कॅन्सर उठतो. आजोबांना साधी गाठ सैल कर म्हणायला कुणाला सुचलं असतं? त्याच निबंधात चुट्टाही आहे. हैदराबादेत हा शब्द समजावून सांगायला नको. आंध्रच्या किनारपट्टीवर बायका चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरून ओढत, आणि कॅन्सर व्हायचा टाळूला.

कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली घडल्या. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरूही झाले. १९७८ साली ते गेले. पुढे परकराच्या नाडीखाली, कमरेच्या त्याच रेषेवर, डॉक्टरांना तसाच कॅन्सर दिसला आणि त्याला साडी कॅन्सर हे नाव पडलं.