संत मोनिका : देवाचें वचन धरून बसलेली माता

धर्मगुरूच्या दारीं जीं माणसें येतात, त्यांत मातांची संख्या फार. मुलगा मिस्सेस येत नाहीं, मुलगा दारूच्या नादीं लागला, मुलगी परगांवीं जाऊन धर्म विसरली. इतकीं वर्षें प्रार्थना केली, देव ऐकतो कीं नाहीं, असा त्यांचा प्रश्न असतो. आम्ही नवे धर्मगुरू असतांना सेमिनरींत शिकलेलें उत्तर त्यांना तत्काळ देत असूं. आतां पन्नाशी ओलांडल्यावर तसा धीर होत नाहीं. महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेसाठीं कांहीं लिहावें असें ठरलें, तेव्हां त्या मातांसाठींच लिहावें असें आमच्या मनानें घेतलें. आणि त्यांच्यासाठीं लिहावयाचें तर संत मोनिकेवांचून दुसऱ्या कोणाचें चरित्र सांगावें?

मोनिकेचा जन्म उत्तर आफ्रिकेंत तगस्ते नांवाच्या लहानशा नगरांत सुमारें ३३१ सालीं झाला. हें ठिकाण आज अल्जीरिया देशांत असून त्यास सूक अहरास म्हणतात. घराणें ख्रिस्ती होतें. एका म्हाताऱ्या दासीनें तिला कडक शिस्तींत वाढविलें. जेवणाच्या वेळेखेरीज ती पाणीहि पिऊं देत नसे. तरी पिंपांतून द्राक्षारस आणावयास पाठविलें कीं ही मुलगी आधीं नुसता ओठाला लावी, पुढें घोट घेई, आणि शेवटीं पेलाभर पिऊं लागली. एके दिवशीं भांडणांत एका दासीनें तिला दारूबाज म्हटलें. तें तिच्या जिव्हारीं लागलें आणि ती संवय कायमची सुटली. संतांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची लेखकांना खोड असते. तिच्या स्वतःच्या मुलानें ही गाळली नाहीं, म्हणून आम्हीहि गाळीत नाहीं.

तिचा विवाह पात्रिसियस नामक गृहस्थाशीं झाला. तो नगरसभेचा सभासद होता, ख्रिस्ती नव्हता, मनाचा उदार, पण फार रागीट, आणि पत्नीशीं एकनिष्ठ न राहणारा. सासूचे कान दासींनीं भरलेले. मोनिकेनें उलट शब्द न बोलतां सासूला जिंकलें; नवऱ्याचा राग ओसरला म्हणजे मग ती आपलें म्हणणें सांगे. तगस्तेच्या इतर बायकांच्या अंगावर माराचे वण दिसत, परंतु ह्या तापट माणसानें तिच्यावर कधीं हात उगारला नाहीं. शेवटीं त्यानें स्नानसंस्कार घेतला. सुमारें ३७१ सालीं तो वारला.

तिचा मुलगा ऑगस्टीन १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं जन्मला. त्या काळच्या चालीप्रमाणें त्याच्या कपाळीं क्रुसाची खूण करून व त्यास मीठ चाखवून दीक्षार्थी करण्यांत आलें. स्नानसंस्कार मात्र झाला नाहीं. पुढें लहानपणींच तो पोटदुखीनें मरणाच्या दारीं पोंचला व स्वतः होऊन स्नानसंस्कार मागूं लागला. तयारी झाली, इतक्यांत तो बरा झाला, आणि संस्कार पुन्हां लांबणीवर पडला. येथें मोनिकेची चूक झाली असें आम्हांस वाटतें. मुलानेंहि ह्या विलंबाबद्दल मोठेपणीं खंत लिहून ठेवली आहे.

कार्थेज येथें शिकावयास गेल्यावर मुलगा हातचा गेला. विवाहावांचून त्यानें एका स्त्रीबरोबर संसार मांडला. त्यांना अदेओदातुस नांवाचा मुलगा झाला. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास तो मानीच्या पंथास मिळाला. प्रकाश आणि अंधकार अशीं दोन अनादि तत्त्वें मानणारा हा पंथ. त्यांत तो सुमारें नऊ वर्षें राहिला. शिक्षक होऊन तो तगस्तेला परतला, तेव्हां मोनिकेनें त्याला आपल्या घरांत राहूं व आपल्या पंक्तीस जेवूं देण्याचें नाकारलें.

अशांत तिला एक स्वप्न पडलें. आपण एका लांकडी पट्टीवर रडत उभी आहों. एक तेजस्वी तरुण येऊन रडण्याचें कारण विचारतो, आणि तूं आहेस तेथेंच तुझा मुलगाहि आहे, पाहा, असें सांगतो. वळून पाहते तों मुलगा त्याच पट्टीवर शेजारीं उभा. ऑगस्टीननें हें ऐकून चतुराईनें अर्थ फिरविला, कीं आईच एक दिवस आपल्या पंथांत येणार. मोनिकेनें क्षणाचाहि विलंब न लावतां त्याला दुरुस्त केलें: मुलगा आईच्या जागीं यावयाचा आहे, आई मुलाच्या नव्हे. स्वप्नापेक्षां ह्या उत्तरानेंच तो अधिक चपापला. त्या स्वप्नानंतर तिनें त्याला घरांत घेतलें.

ती एका बिशपांकडेहि गेली. मुलाशीं वाद करून त्याला मार्गावर आणा, अशी तिची विनंती. ते स्वतः बाळपणीं त्याच पंथांत वाढलेले होते. मुलगा आज ऐकण्याच्या स्थितींत नाहीं, त्याला असूं द्या आणि त्याच्यासाठीं फक्त प्रार्थना करा, असें त्यांनीं सुचविलें. तरी ती रडत हटून बसली. तेव्हां ते कांहींसे त्रासले, आणि इतक्या आसवांनीं वाढविलेला मुलगा वायां जावयाचा नाहीं, अशा अर्थाचें बोलून त्यांनीं तिला वाटेला लावलें. तिनें तें बोलणें स्वर्गांतून आल्याप्रमाणें हृदयांत ठेवलें.

येथें थांबून तिच्या प्रार्थनेची रीत सांगितली पाहिजे. ऑगस्टीननें आपल्या आत्मकथनांत तिच्यासाठीं कर्जव्यवहारांतला एक शब्द योजिला आहे. देव कोणाचें कांहीं लागत नाहीं. परंतु वचन देऊन तो आपण होऊन ऋणको बनतो. आणि ही बाई त्याच्याच हातचे रोखे नित्य त्याच्यापुढें धरीत असे. रोखा म्हणजे काय, हें आमच्या आजोबा-पणजोबांना चांगलें ठाऊक होतें. गरिबाचा अंगठा आणि सावकाराची पेटी, असा तो व्यवहार. येथें सगळेंच उलट आहे! रोखा विधवेच्या हातीं, आणि सही स्वर्गाच्या धन्याची.

पवित्र शास्त्रांत ह्यालाच करार म्हटलें आहे. देवानें अब्राहामाशीं करार केला त्या रात्रीची हकीकत उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. दुभागलेल्या जनावरांमधून करार करणारांनीं चालत जावयाचें, अशी जुनी चाल. पण अब्राहामाला गाढ झोप लागली होती, आणि धुराची भट्टी व अग्नीची ज्योत तेवढी मधून गेली. बांधून घेतलें तें एकट्या देवानें. तोच करार प्रभूच्या रक्तानें नवा झाला, आणि मिस्सेंत पेल्यावरील शब्दांत आपण तो नित्य ऐकतों. मोनिका एकहि दिवस वेदीवरील अर्पण चुकवीत नसे आणि सकाळ-संध्याकाळ देवमंदिरांत जाई, ती ह्याच आधारावर.

मात्र रोखा हातीं असला तरी तो कोणत्या दिवशीं वटेल हें ठरविणें तिच्या हातीं नव्हतें. ३८३ सालीं ऑगस्टीन रोमला निघाला. तिनें किनाऱ्यावर त्याला घट्ट धरलें. त्यानें थाप मारली, कीं एका मित्राला निरोप देईपर्यंतच आपण येथें आहों. ती रात्र तिनें जवळच्या संत सिप्रियन यांच्या स्मृतिमंदिरांत काढली. मुलगा जाऊं नये म्हणून ती आंत देवाला आळवीत होती, आणि बाहेर वारा अनुकूल होऊन जहाज सुटलें. सकाळीं ती किनाऱ्यावर वेडीपिशी झाली. त्या रात्रींची तिची मागणी देवानें नाकारली. आयुष्यभराची मागणी मात्र त्याच जहाजावरून पुढें गेली. हें मुलाला मागाहून कळलें. तिला त्या सकाळीं कळण्याचा मार्ग नव्हता, आणि तरीहि ती घरीं जाऊन पुन्हां प्रार्थनेस लागली. आम्हांला तिच्या चरित्रांत ह्या सकाळीएवढें मोठें दुसरें कांहीं वाटत नाहीं.

पुढें ऑगस्टीन मिलान येथें अध्यापक झाला आणि ती समुद्र ओलांडून त्याच्याकडे गेली. वादळांत खलाशी घाबरले, तर तिनेंच त्यांना धीर दिला. मुलानें मानीचा पंथ सोडल्याचें सांगितलें, तेव्हां ती हर्षानें उडाली नाहीं. मरण्यापूर्वीं तुला कॅथोलिक झालेला पाहीन, असें तिनें शांतपणें सांगितलें. तिनें त्याचें लग्न जुळविण्याची खटपट केली, आणि त्यापायीं त्याच्याबरोबर अनेक वर्षें राहिलेल्या स्त्रीला आफ्रिकेंत परत जावें लागलें. त्या स्त्रीचें दुःख आम्हांस विसरवत नाहीं. ह्या लग्नाविषयीं देवाकडून कांहीं दर्शन मिळावें म्हणून मोनिकेनें विनविलें, मिळालें नाहीं. मनाचे खेळ तेवढे दिसले, आणि देवाचा शब्द व आपल्या मनाची इच्छा ह्यांतला भेद ओळखून तिनें त्यांस महत्त्व दिलें नाहीं.

३८६ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, मिलानच्या एका घराच्या बागेंत, ऑगस्टीनचें मन पालटलें. तो प्रथम आईकडे गेला. ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं संत अंब्रोज ह्यांच्या हातून त्याला व अदेओदातुसला स्नानसंस्कार मिळाला.

त्याच वर्षीं आफ्रिकेस परततांना ओस्तिया बंदरीं मोनिकेला ताप आला व नवव्या दिवशीं ती वारली. वय ५६. आपली कबर नवऱ्याशेजारीं व्हावी अशी तिची फार दिवसांची हौस होती. मरतांना तिनें ती सोडली; देह कोठेंहि ठेवा, प्रभूच्या वेदीपाशीं आठवण करा, एवढेंच तिनें मुलांस सांगितलें. तिच्या अस्थि १४३० सालीं रोमला नेण्यांत आल्या. त्या तेथें संत ऑगस्टीनच्या मंदिरांत आहेत. तिच्या मूळ कबरेच्या शिलालेखाचा तुकडा १९४५ सालीं ओस्तियास खणतांना सांपडला. जुन्या गोव्यांतील तिच्या नांवाच्या मठाचा पाया १६०६ सालीं आर्चबिशप मेनेझिस यांनीं घातला; तेहि ऑगस्टीनच्याच संघाचे.

प्रत्येक मातेचा ऑगस्टीन तिच्या हयातींत परत येतो, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं तसें पाहिलेलेंहि नाहीं. कांहीं मातांना आम्हीं मूठमाती दिली, आणि त्यांचे मुलगे त्या दिवशींहि मंदिराबाहेर उभे होते. त्यांच्या हातचा रोखा रद्द झाला असें मात्र आम्हांस कोणी सांगूं नये.

पूर्वीं मोनिकेचा सण ४ मे रोजीं असे. १९६९ सालच्या फेररचनेपासून तो २७ ऑगस्टला, मुलाच्या सणाच्या आदल्या दिवशीं, येतो. महोत्सवाच्या ह्या वर्षीं त्या दिवशीं संध्याकाळची मिस्सा आपल्या धर्मग्रामांतील मुलांसाठीं अर्पण होईल. ज्यांना आपल्या मुलाचें अथवा मुलीचें नांव द्यावयाचें असेल, त्यांनीं तें चिठ्ठीवर लिहून वेदीजवळच्या पेटींत टाकावें. चिठ्ठ्या उघडल्या जाणार नाहींत.