कमवा आणि शिका : कर्मवीर भाऊराव पाटील

नोकरी धरू की पुढे शिकू? डिप्लोमा झाला की गडहिंग्लज भागातल्या कितीतरी मुलांपुढे हा प्रश्न उभा राहतो. घरची शेती थोडी आणि कॉलेजची फी भरपूर. मग मुलगा गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला लागतो आणि पदवीसाठी ऑनलाईन कोर्सला किंवा मुक्त विद्यापीठात नाव घालतो. दिवसभर शिफ्ट, वर ओव्हरटाईम आणि रात्री रूमवर मोबाईलवर लेक्चर. पहिल्या महिन्यात उत्साह असतो. सहाव्या महिन्यात लेक्चर चालू असतानाच डोळा लागतो!

मित्रांनो, काम करत शिकणं ही गोष्ट आपल्या भागाला नवीन नाही. तिचा फार मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने केला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला झाला. घराणं सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, शेतकरी जैन कुटुंब. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहत होती. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव हजर राहिले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी साफ नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. अभ्यासातही त्यांची गाडी पुढे गेली नाही. मॅट्रिक काही त्यांच्या हातून झाली नाही.

पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. मग ओगले काच कारखाना आणि किर्लोस्कर कारखाना यांच्यासाठी विक्रीचं काम केलं. आपण इंजिनिअरिंगची मुलं किर्लोस्कर म्हटलं की पंप आणि इंजिन आठवतो. भाऊराव विकत होते तो किर्लोस्करांचा लोखंडी नांगर! लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला तो पटवून द्यायचा म्हणजे गावोगाव हिंडणं आलं. या फिरतीत त्यांनी जे पाहिलं त्यानेच त्यांचं आयुष्य बदललं. गावात शाळा नाही, असली तर चौथीपुढे सोय नाही, आणि तालुक्याला जाऊन राहायचं तर खायचं काय?

नोकरी चालू असतानाच त्यांनी या कामाला हात घातला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा फुल टाईम जॉब एकीकडे आणि संस्था दुसरीकडे अशी ही कसरत होती.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथे बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. त्या काळात हे साधं नव्हतं. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटाची जबाबदारी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी उचलली. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा! १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेचा वटवृक्ष आपण सगळे पाहतो, पण त्याच्या मुळाला हे सोनं आहे.

यापुढची गोष्ट आपल्या विषयाची. गरीब मुलाला दान देऊन शिकवायचं नाही, त्याने स्वतःच्या कष्टावर शिकायचं, असा भाऊरावांचा आग्रह होता. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्हीकडे सूत्र एकच : कमवा आणि शिका. मुलं शेतात राबत, बांधकामावर काम करत, आणि त्या श्रमावर त्यांचं शिक्षण चाले. कॉलेजात शिकणारा मुलगा कुदळ हातात घेतो याची तेव्हा लोकांना गंमत वाटायची. पण याच संस्थेत वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की काम आणि अभ्यास यांचा मेळ भाऊरावांनी एकट्या मुलावर सोडला नाही. कामाची वेळ वर्गाची वेळ बघून ठरत असे. शेत, वर्ग, स्वयंपाकघर आणि झोपायची जागा सगळं जवळजवळ. शेजारचा मुलगाही तेच कष्ट करून तोच धडा वाचतोय, हा आधार होताच. आज १९८९ मध्ये सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, ऑनलाईन डिग्री आहे, पुस्तक खिशात आलंय. दार उघडं झालं ही फार चांगली गोष्ट आहे. पण शिफ्ट कंपनी ठरवते, परीक्षेची तारीख विद्यापीठ ठरवतं आणि दोन्हींच्या मध्ये मुलगा एकटा सापडतो. तो गळाला की आपण म्हणतो, त्याच्यात जिद्द नव्हती. मला हे बरोबर वाटत नाही. जिद्द भाऊरावांच्या मुलांकडेही होती, पण तिच्यासोबत जेवण, जागा आणि सोबतीही होते.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिलं आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी.लिट.! त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्याला वटवृक्ष लावता येणार नाही कदाचित. पण कामाला लागलेल्या आपल्या जुन्या वर्गमित्राला नोट्स पाठवणं, रविवारी त्याच्यासोबत बसून एक युनिट उरकणं, कॉलेजची लायब्ररी त्याच्यासाठी संध्याकाळी उघडी ठेवा म्हणून सरांकडे अर्ज देणं एवढं तर जमेल ना? कर्मवीर जयंतीला फोटोला हार घालतोच आपण. यंदा त्यासोबत हेही करूया.