कान्होजी आंग्रे: ज्यांना इंग्रज 'चाचे' म्हणत होते, त्यांच्याच नावाने ओळखलं जातं अरबी समुद्रातलं प्रवाळांचं पठार

विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटर गेलं की भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. जवळपास ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. त्याचा माथा पाण्याखाली फक्त २० मीटरवर आहे, पण कडेला समुद्र एकदम खोल होत जातो. या पठारावर प्रवाळांची वस्ती आहे. प्रवाळ म्हणजे ज्याच्या एका जातीचं पोवळं आपण अंगठीत घालतो, तो प्राणी. सोबत स्पंज आहेत, रंगीत मासे आहेत आणि शार्कही.

या पठाराचं नाव आहे आंग्रिया बँक. इथे बँक म्हणजे समुद्रातला उथळ उंचवटा. आणि आंग्रिया म्हणजे कान्होजी आंग्रे. इंग्रजांच्या तोंडी त्यांचं आडनाव असंच यायचं.

संकपाळांचे आंग्रे कसे झाले?

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. गाव आंगरवाडी, म्हणून पुढे आंग्रे. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात कान्होजी लहानाचे मोठे झाले. वारा, भरती-ओहोटी, खडक आणि खाड्या हीच त्यांची शाळा.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मोगल आणि जंजिऱ्याचा सिद्दी कोकणात घुसले. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर होतोय हे लक्षात आल्यावर तरुण कान्होजींनी किल्ल्याचा ताबा घेतला आणि तो लढवला, अशी हकीकत सांगितली जाते. १६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले. छत्रपती राजारामांनी ती जबाबदारी कान्होजींवर सोपवली आणि त्यांना 'सरखेल' हा किताब दिला.

भांडण नेमकं कशावरून होतं?

पोर्तुगीज जवळपास दोनशे वर्षांपासून अरबी समुद्रात परवाने विकत होते. त्यांचा कागद नसेल तर जहाज जप्त. इंग्रजांचेही स्वतःचे परवाने होते. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. किनारा मराठ्यांचा असेल, तर त्यासमोरून जाणाऱ्या जहाजाने मराठ्यांचा दस्तक घ्यावा आणि त्याचे पैसे भरावेत.

इंग्रजांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या कागदपत्रांत कान्होजी चाचे ठरले. पण चाच्यांकडे छत्रपतींचा किताब नसतो, किल्ले नसतात आणि करारही नसतात. कान्होजींकडे हे तिन्ही होतं.

१७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं खासगी जहाज पकडलं. त्यावर कारवारच्या वखारीकडे निघालेला थॉमस चाऊन हा अधिकारी होता. तो लढाईत मारला गेला आणि त्याची पत्नी कॅथरीन कैद झाली. ३० हजार रुपयांची खंडणी घेऊन पुढच्या वर्षी तिला सोडण्यात आलं.

शाहू की ताराबाई?

त्याच काळात मराठ्यांची गादी दोन तुकड्यांत वाटली गेली होती. कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांनी लढण्याऐवजी बोलणी केली. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. सरखेली, कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले. आरमार वाचलं ते या करारामुळे.

लहान होड्या, मोठ्या जहाजांवर भारी

कान्होजींची ताकद गुराब आणि गलबतं यांत होती. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा असलेलं जहाज. गलबत हलकं, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजं जागीच थांबायची. तेव्हा वल्ही मारत गलबतं मागच्या बाजूने यायची, कारण तिथे तोफा कमी असायच्या. पाठलाग झालाच तर उथळ खाडीत शिरायचं. मोठं जहाज तिथे येऊच शकत नसे.

१७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर. तिन्ही फसले. १७२१ च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले आणि कुलाब्यावर चालून गेले. कान्होजींच्या मदतीला बाजीराव पेशव्यांची फौज आली. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवत परतावं लागलं.

४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे.

मग आरमाराचं काय झालं?

कान्होजींनंतर मुलांमध्ये वाटण्या आणि भांडणं झाली. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं पटेना. शेवटी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर मारा केला आणि आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. जे काम इंग्रजांना कान्होजींच्या हयातीत जमलं नाही, ते घरच्या भांडणाने करून दिलं. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं आरमार मराठ्यांकडे राहिलं नाही.

१९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिलं.

आणि त्यांच्या नावाच्या पठाराचं?

कोकणातल्या नद्या पावसाळ्यात गाळ आणतात, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते सूर्यप्रकाशावर प्रवाळासाठी अन्न बनवतं. प्रकाश नसेल तर दोघंही उपाशी. आंग्रिया बँक किनाऱ्यापासून लांब आहे, पाणी नितळ आहे आणि माथा उथळ आहे. म्हणून तिथे प्रवाळ टिकले. त्यांच्या कपारींत मासे राहतात. स्पंज पाणी गाळून त्यातले कण खातात. प्रवाळ फार सावकाश वाढतो. तळ खरवडणारं जाळं एकदा फिरलं, तर मोडलेलं भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

अडचण कायद्याची आहे. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. १९८७ चं मालवण सागरी अभयारण्य किनाऱ्यालगत आहे. पण असं अभयारण्य जाहीर करता येतं ते देशाच्या सागरी हद्दीत, म्हणजे १२ सागरी मैलांच्या आत, साधारण २२ किलोमीटरपर्यंत. आंग्रिया बँक त्याच्या कितीतरी पलीकडे आहे.

ती २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात येते. तिथली मासळी आणि खनिजं यांवर भारताचा हक्क आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार केंद्र सरकार अशा भागाला 'निर्देशित क्षेत्र' ठरवून तिथल्या जीवसृष्टीसाठी नियम करू शकतं. २०२० मध्ये महाराष्ट्राने आंग्रिया बँकेसाठी हाच मार्ग धरला आणि प्रस्तावाला मान्यता दिली. राज्य मागणी करू शकतं, अधिसूचना काढण्याचा अधिकार मात्र केंद्राचा आहे.

अधिसूचना निघाली तरी १०५ किलोमीटर आत गस्त घालायला जहाजं आणि माणसं लागतात. दस्तकाचा नियम समुद्रात चालला, कारण तो पाळला जातोय की नाही हे बघायला कान्होजींची गलबतं पाण्यात होती.