डॉ. सुंदरलाल होरा : डोंगरओढ्यांतील माशांचे कूळ शोधणारे शास्त्रज्ञ

वेगाने उतरणाऱ्या डोंगरओढ्यांत खडकाला चिकटून राहणारे बोटाएवढे मासे हा डॉ. सुंदरलाल होरा यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. आसामकडील टेकड्या आणि सह्याद्री यांच्यात दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. तरीही दोन्हीकडच्या ओढ्यांत एकमेकांशी विलक्षण साम्य असलेले मासे आढळतात. हे साम्य एका कुळातून आलेले की सारख्याच प्रवाहाने घडवलेले, या प्रश्नाने होरा यांचा पाठलाग अखेरपर्यंत सोडला नाही.

होरा यांचा जन्म मे १८९६ मध्ये, आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर १९१९ मध्ये ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले. संस्थेचे संस्थापक संचालक नेल्सन अॅनंडेल यांच्या हाताखाली ते माशांच्या अभ्यासाकडे वळले. मणिपूर आणि नागा टेकड्यांतील माशांवरील त्यांचा प्रबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रातील माशांशीही त्यांचा संबंध याच काळात आला. अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील लहान ओढ्यांतील माशांवर लेखन केले होते. त्यांपैकी एका छोट्या माशाचे वेगळेपण ओळखून होरा यांनी १९२१ मध्ये त्याच्यासाठी ‘पॅरासायलोरिंकस’ हा नवा वंश स्थापन केला. पुढे देवळाली आणि पुणे परिसरातील माशांवर के. एस. मिश्रा यांच्यासह लिहिलेले त्यांचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले.

वाहून न जाता जगायचे, तर माशाचे शरीर कसे बदलते, हे त्यांनी १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील प्रबंधात दाखवले. पोट सपाट होते, छातीचे व पोटाचे पर आडवे पसरतात, तोंड खालच्या बाजूस सरकते आणि शरीर तरते ठेवणारी हवेची पिशवी आक्रसते. अशा माशांना तोवर सर्रास एकाच कुळात टाकले जात असे. होरा यांनी १९३२ मध्ये या वर्गीकरणालाच हात घातला. बाह्य रूप सारखे असले, तरी त्यांतील दोन गटांचे पूर्वज वेगळे असून प्रवाहाने त्यांना एका साच्यात घातले आहे, असे त्यांनी मांडले. त्यांनी सुचवलेले पूर्वज पुढे सर्वस्वी मान्य झाले नाहीत. मात्र हे दोन गट आज स्वतंत्र कुळे मानले जातात.

त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले ते ‘सातपुडा सिद्धान्ता’मुळे. ईशान्येकडील डोंगरांतले मासे गारो–राजमहाल मार्गे विंध्य–सातपुड्याच्या रांगांवरून पश्चिम घाटात उतरले. हिमयुगाच्या काळात हा प्रदेश अधिक ओला आणि ओढे बारमाही असल्याने ही वाट खुली होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४९ मध्ये त्यावर परिसंवादही झाला. सारखे रूप फसवे असू शकते, हे सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञाने येथे मात्र साम्याच्या आधारे नाते जोडले होते, आणि आक्षेप नेमका याच ठिकाणी आला. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत काही गटांची फारकत त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच जुनी असल्याचे दिसले. तरीही द्वीपकल्पातील जीवसृष्टीच्या उगमाची चर्चा हा सिद्धान्त टाळून पुढे जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बंगालच्या मत्स्य विभागाचे संचालकपद सांभाळले. सुरक्षिततेसाठी कलकत्त्याहून बनारसला हलवलेल्या सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहाला १९४३ मध्ये वरुणा नदीच्या पुराचा मोठा फटका बसला. १९४७ मध्ये होरा संस्थेचे संचालक झाले, तेव्हा हा विस्कटलेला वारसा सावरण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले.

प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानाचाही त्यांनी मागोवा घेतला. माशाचे रूप आणि त्याचे पाणी यांचा संबंध सुश्रुतसंहितेत नोंदलेला असल्याचे त्यांनी दाखवले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातील मासेमारीच्या प्रकरणावरही त्यांनी लिहिले.

८ डिसेंबर १९५५ रोजी, संचालकपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची काही उत्तरे काळाने बदलली. पण दिसण्यातील साम्य आणि कुळाचे नाते यांतला फरक तपासल्याशिवाय माशाला नाव देऊ नये, ही त्यांची शिस्त सह्याद्रीच्या ओढ्यांत उतरणाऱ्या आजच्या संशोधकालाही लागू आहे.