सात बायकांचा मोर्चा आणि तोंडी तलाक: हमीद दलवाई नेमकं काय मागत होते?

तारीख होती 18 एप्रिल 1966. मुंबईत कौन्सिल हॉलवर एक मोर्चा धडकला. मोर्चात बायका किती? फक्त सात. सगळ्या मुस्लिम. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. मोर्चामागे होते हमीद दलवाई, आणि त्या सात जणींमध्ये त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या.

दलवाई मूळचे कोकणातले. जन्म 1932 चा, गाव चिपळूणजवळचं मिरजोळी. मराठीत कथा लिहायचे, 'इंधन' ही त्यांची गाजलेली कादंबरी.

आता मुद्दा समजून घेऊ. तेव्हा नवऱ्याने एका दमात तीनदा 'तलाक' म्हटलं की संसार संपायचा. कोर्ट नाही, कारण सांगायची गरज नाही. बायकोला सुटायचं असेल तर? नवरा राजी असला तर 'खुला'. नसला तर 1939 च्या कायद्याखाली कोर्टात जायचं आणि छळ, बेपत्ता नवरा, खर्च न देणं असं एखादं कारण सिद्ध करायचं.

म्हणजे त्याला तीन शब्द पुरायचे, तिला कोर्टाच्या खेपा घालाव्या लागायच्या.

दलवाईंचा विरोध घटस्फोटाला नव्हताच. लग्न मोडलं तर ते कोर्टात मोडावं आणि दोघांना नियम सारखाच असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. सुरुवात त्यांनी घरापासून केली होती. निकाह झाल्यावर त्यांनी मेहरुन्निसांशी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली पुन्हा लग्न केलं. त्यामुळे तोंडी तलाकचा प्रश्नच मिटला.

22 मार्च 1970 ला पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तलाक मिळालेल्या बायकांचे प्रश्न मंडळाने लावून धरले. समाजातून कडवा विरोध झाला, तरी दलवाई मागे हटले नाहीत. 3 मे 1977 ला किडनीच्या आजाराने ते गेले. वय अवघं 44.

22 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. पाच न्यायाधीशांपैकी तिघं बाजूने होते. 2019 च्या कायद्याने तो गुन्हाही झाला. मेहरुन्निसा मात्र निकालाच्या दोनच महिने आधी गेल्या होत्या.

मग दलवाईंची मागणी पूर्ण झाली का? अर्धीच. महिन्याच्या अंतराने तीनदा दिला जाणारा तलाक-ए-हसन त्या निकालात रद्द झाला नाही. त्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.