जोसेफ डे

जोसेफ डे (१८५५–१९४६) हे इंग्रज अभियंते होते. साखळी करवत, गवत कापणी यंत्र, पाठीवरचा फवारणी पंप अशा लहान यंत्रांतील टू-स्ट्रोक (द्विधावी) इंजिनाची प्रचलित रचना त्यांच्या नावाशी निगडित आहे.

बाथ शहरात त्यांचा ओतकामाचा व यंत्रनिर्मितीचा कारखाना होता. ड्यूगल्ड क्लार्क यांच्या आधीच्या द्विधावी इंजिनास मिश्रण आत ढकलण्यासाठी वेगळा पंप लागे. डे यांनी दट्ट्याखालच्या बंद क्रँककेसलाच पंप बनविले व १८९१ मध्ये पेटंट मिळविले. उरलेली झडपही काढून टाकण्याचे श्रेय मात्र त्यांचे सहकारी फ्रेडरिक कॉक यांचे आहे. चरित्रलेखनात ते बहुधा निसटते.

या रचनेत एक अडचण अंगभूत आहे. क्रँककेसमधून इंधन वाहत असल्याने तेथे तेल साठवता येत नाही. म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि ते इंधनाबरोबर जळते. चारचाकीचे तेल येथे चालत नाही, कारण त्यातील धातुयुक्त घटकांची राख स्पार्क प्लगवर साचते. हवेने थंड होणाऱ्या यंत्रांस जासो एफडी दर्जाचे तेल योग्य ठरते. टीसी-डब्ल्यू३ हे पाण्याने थंड होणाऱ्या नौका-इंजिनांसाठी असते. ५०:१ प्रमाणात एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते, तथापि निर्मात्याने दिलेले प्रमाणच पाळावे. तेल कमी पडल्यास दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होतो.

डे यांचा व्यवसाय पुढे बुडाला. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते.